खिडकीपासून चौथा हारा

नानांनी हाऱ्यावरचा मूठभर पेंढा उचलला, नाकाशी धरला आणि डोळे मिटले. आम्ही तिघं श्वास रोखून उभे होतो. निकालाची उत्सुकता हे एक कारण झालं. दुसरं कारण तो पेंढाच होता.

"काही नाही," नाना म्हणाले.

"काही नाही?" सासूबाईंचा, म्हणजे माईंचा, आवाज चिरकला. "अहो, मांजर मुतलंय त्यावर! मला इथे उभं राहवत नाहीये."

"अढी तापत्ये. आंबा तयार व्हायला लागला की असा उग्र दर्प सुटतो कधीकधी." नानांनी पेंढा पुन्हा हाऱ्यावर ठेवला आणि हात झटकले. "हा उद्या काढा. झालाय."

दुसऱ्या दिवशी हारा काढला. वरचा पेंढा मी चिमटीत धरून उकिरड्यावर टाकला. आत आंबे पिवळेधमक, एक हिरवा नाही की एक नासका नाही. माई त्या आंब्यांकडे बघत राहिल्या, मग नानांकडे, आणि मग त्यांनी स्वतःचं नाक दोन बोटांनी चाचपून पाहिलं.

एक्याऐंशी सालचा हा मे महिना. मला ठोसरांच्या घरात येऊन तीन महिने झाले होते. मी मिरजेची, ठोसर रत्नागिरी जिल्ह्यातले, खाडीकाठचे. जमिनीला ओल म्हणून आमच्याकडे आंब्याची अढी जमिनीवर घालत नसत. माणूस मांडी घालून बसेल एवढ्या बांबूच्या टोपल्या होत्या, त्या म्हणजे हारे. खाली पेंढा, वर आंब्यांचा थर, पुन्हा पेंढा, पुन्हा आंबे. आंब्याच्या खोलीत दारापासून खिडकीपर्यंत असे चार हारे ओळीनं मांडलेले असत. झाडं वेगवेगळ्या उन्हावाऱ्यातली, त्यामुळे आधी घातलेला हारा आधी पिकेल असं काही नसे. कुठला तयार झाला ते नाना सांगत. सकाळी दारात उभं राहायचं, हात पाठीशी बांधायचे, दोनदा श्वास घ्यायचा आणि म्हणायचं, "दुसरा काढा." हाऱ्यात हात घालून बघणं त्यांना परीक्षेत शेजाऱ्याचं बघून लिहिण्यासारखं वाटे.

नानांच्या नाकाच्या गोष्टी मी लग्नाआधीच ऐकल्या होत्या. खिळे ठोकलेल्या पेटीत तळाचा एक आंबा बिघडलाय हे त्यांनी चार हातांवरून सांगितलं होतं म्हणे. बापटांकडे दूध लागलं तर आमच्या ओटीवर बसून ते बापटीणबाईंना हाक मारत. आणि माईंनी वेणीत सुरंगीचा गजरा माळला की डोळे मिटून पडल्या पडल्या म्हणत, "सुरंगी आली." माई आत असत, दोन खोल्या पलीकडे. ही शेवटची गोष्ट माई स्वतः सांगत, आणि सांगताना दर वेळी पदर सारखा करत.

चैत्रात मी माहेरी गेले आणि येताना साखरीला घेऊन आले. साखरी माझ्या आईची मांजर. आई आदल्या वर्षी गेली. वडील भावाकडे हुबळीला राहायला निघाले होते, वहिनीला मांजरांचं वावडं. चौदा वर्षांची म्हातारी मांजर कुणाच्या दारात सोडायची? आईच्या पायांवर झोपलेली दुसरी कुणी जिवंत वस्तू आता जगात नव्हती. मी तिला झाकणाच्या टोपलीत घातलं आणि एस.टी.नं घाट उतरून आणलं. टोपली मांडीवर होती. कोकरूडपाशी माझी साडी भिजली, तेव्हाच मला पुढचं कळायला हवं होतं.

साखरी वाईट चालीची नव्हती. म्हातारपणी तिला धरवत नसे, इतकंच. जागी असली की परसात जाऊन व्यवस्थित उकरून कार्यभाग उरकून यायची. पण झोपली की झोपेतच सुटायची, आणि झोपायला तिला आवडायची एकच जागा. आंब्याचे हारे.

मी काय काय करून पाहिलं! राखेचं घमेलं ठेवलं. ती त्याच्याशेजारी बसून ते माझंच काहीतरी आहे अशा नजरेनं बघत राहिली. हाऱ्यांवर लिंबाच्या साली पसरल्या. तिनं त्या पंजानं बाजूला सारल्या. कापूर झाला, कडुलिंब झाला. यजमानांनी, म्हणजे मुकुंदानं, खोलीचं दार लावून घेतलं, तर ती कौलांतून उतरली. मुकुंद शाळामास्तर. सुट्टीतही रोज अकराला सायकल काढून पेपर तपासायला हायस्कुलात पळायचा, त्यामुळे ह्या युद्धात त्याची नेमणूक अर्धवेळ होती.

"हे बघ कुंदा," माईंनी पहिल्याच आठवड्यात मला समोर बसवून सांगितलं. "मी काही मांजरांच्या वाईटावर नाही. पण आंबा म्हणजे ह्या घराचं नाव. ज्या दिवशी हे म्हणतील 'वास येतोय', त्या दिवशी मांजर पोत्यात, पोतं तरीच्या होडीत, आणि होडी पलीकडच्या काठाला. मग रडायचं नाही."

"नाही रडणार," मी म्हटलं, आणि तेव्हाच रडले.

पण नाना म्हणतच नव्हते. साखरी दर दोन-तीन दिवसांनी कुठला ना कुठला हारा भिजवी, माई नानांना बोलावून आणत, नाना पेंढा हुंगत आणि सांगत, "काही नाही."

इथे घरातल्या सगळ्यांची मोठी पंचाईत झाली. वास तर येत होता. डोळ्यांतून पाणी काढणारा येत होता. पण नानांना येत नव्हता, आणि नानांना न येणारा वास अस्तित्वात असणं ठोसरांच्या घरात शक्य नव्हतं.

"ह्यांना येत नाही म्हणजे तो नाहीच," माई एके दिवशी हताशपणे म्हणाल्या. "माझ्याच नाकात काहीतरी बिघडलंय."

त्या दिवसापासून माई रोज सकाळी ओव्याचा वाफारा घ्यायला लागल्या. डोक्यावरून घोंगडी, समोर उकळतं पातेलं, बाहेर मे महिना. मुकुंद तिळाचं तेल नाकात सोडून मान मागे टाकून बसे आणि तसाच उरलेले पेपर तपासे. बापटीणबाई कैरी मागायला आल्या होत्या, त्या खोलीच्या दारात थबकल्या. "अगोबाई, हा कसला..." एवढं म्हणून त्यांनी नानांकडे पाहिलं. नाना शांतपणे सुपारी कातरत होते. बापटीणबाईंनी वाक्य गिळलं आणि जाताना आमच्याकडून ओव्याची पुरचुंडी घेऊन गेल्या.

मला एकटीला माझ्या नाकाबद्दल शंका नव्हती. माझा तर्क सरळ होता. नानांना सगळं कळतंय, आणि आई नसलेल्या सुनेसाठी ते खोटं बोलतायत. सकाळी उठल्याबरोबर ते मायेनं विचारायचे, "साखरी कुठे झोपली होती गो?" घरात दुसरं कुणी तिला नावानं हाकही मारत नव्हतं. मी त्यांच्या भातावर तूप जास्त वाढायला लागले.

मग धाबळीचा प्रकार झाला. माईंची सोवळ्याची धाबळी, लोकरीची, लग्नातली. ती नेसून त्या स्वयंपाक करत, आणि दुसऱ्या कुणाचा स्पर्श तिला चालत नसे. ती उन्हात वाळत घातली होती. वाऱ्यानं खाली पडली, आणि गरम लोकर बघून साखरी तिच्यावर झोपली. पुढचं माईंनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं.

"आता मला कुणाच्या नाकाची गरज नाही," त्या एवढंच म्हणाल्या. आरडाओरड केली असती तर मला बरं वाटलं असतं.

हे झालं गुरुवारी संध्याकाळी. शुक्रवारी सकाळी पुण्याचे शेवडे येणार होते. नानांचं जुनं गिऱ्हाईक. त्यांच्या मुलीचं लग्न सोमवारी होतं आणि पंगतीला आमरस ठोसरांच्याच आंब्यांचा, असं त्यांनी व्याह्यांना सांगून ठेवलं होतं. सोमवारी बरोबर रसाला येईल असा हारा नानांनी निवडून द्यायचा होता. नाना सकाळीच त्यांना आणायला एस.टी.च्या थांब्यावर गेले. मी धुणं घेऊन विहिरीवर गेले.

परत आले तेव्हा खोलीतून फिनेलचा वास येत होता. जमीन ओली होती. माई पदर खोचून शेवटचा हारा दाराशी सरकवत होत्या.

"चारी हारे अंगणात काढून खोली धुतली. पेंढा वरचा नवा घातला," त्या धापा टाकत म्हणाल्या. "दाराजवळचा आधी काढला तो आधी आत ठेवला, खिडकीशी. उलटे झाले सगळे. होऊ देत, मेले आंबेच आहेत."

"साखरी कुठाय?"

माईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. "हुसेनमियांच्या पहिल्या तरीनं गेली. पलीकडे मासळीबाजार आहे. उपाशी नाही मरायची."

मी ओलं धुणं हातात घेऊन तशीच उभी राहिले. आई दुसऱ्यांदा गेली असं मला वाटलं. माईंना काहीतरी तोडून बोलणार होते, तेवढ्यात अंगणात शेवड्यांचा आवाज आला. पाहुण्यांसमोर सून बोलत नाही. मी धुण्याचा पिळा घट्ट धरला.

चहा झाला. नाना शेवड्यांना घेऊन खोलीच्या दारात आले, हात पाठीशी बांधले. मग त्यांचं लक्ष धुतलेल्या जमिनीकडे गेलं आणि त्यांनी इकडेतिकडे पाहिलं.

"साखरी दिसत नाही?"

"असेल कुठेतरी," माई म्हणाल्या.

नानांनी डोळे मिटले. दोनदा श्वास घेतला. शेवड्यांनी टोपी काढून हातात धरली.

"चौथा," नाना ठामपणे म्हणाले. "चौथा हारा. सोमवारी दुपारी बारा वाजता फोडा, सांगितलं होतं म्हणावं ठोसरांनी."

मी त्यांच्या मागेच उभी होते, आणि मला दाराजवळच्या, म्हणजे पहिल्याच हाऱ्यातून आंब्याचा वास येत होता. फिनेलला दाबून टाकील असा गोड, भरलेला वास. चौथा हारा, खिडकीजवळचा, तिथून काहीच येत नव्हतं. त्यातले आंबे मी आणि माईंनी परवा घातलेले, दगडासारखे हिरवे.

शेवड्यांनाही तो वास आला असणार. त्यांनी एकदा पहिल्या हाऱ्याकडे पाहिलं, नाक वर केलं, मग मान हलवली. "तुम्ही म्हणता म्हणजे झालंच नाना," ते म्हणाले, आणि रुमाल काढून स्वतःचं नाक शिंकरलं.

मी मनातल्या मनात मागचे दिवस मोजले. काल संध्याकाळी, धाबळीच्या आधी, साखरी खिडकीजवळच्या हाऱ्यावर झोपली होती. मीच नानांना सांगितलं होतं. कालचा खिडकीजवळचा हारा आज दाराजवळ होता. गेल्या सोमवारी तिसरा भिजला होता. मंगळवारी नाना म्हणाले, तिसरा काढा. त्याआधी पहिला भिजला होता, आणि नाना म्हणाले होते पहिला. दर वेळी. एकदाही चूक नाही. आणि त्या पेंढ्याला नाक लावून, "काही नाही."

शेवडे चौथ्या हाऱ्याकडे निघाले. सोमवारी पुण्याला दोनशे माणसांच्या पंगतीत हिरव्या कैऱ्या निघाल्या असत्या.

"नाना," मी म्हटलं. माईंनी डोळे वटारले. "चौथा म्हणजे खिडकीपासून ना? तुम्ही नेहमी खिडकीपासून मोजता."

नानांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. ते खिडकीपासून कधीच मोजत नसत, हे त्यांना माहीत होतं आणि मला माहीत होतं. क्षणभर त्यांचा चेहरा शाळेत पकडलेल्या मुलासारखा झाला.

"खिडकीपासून," ते हळूच म्हणाले. "अर्थात. खिडकीपासून चौथा. हा इथला."

शेवड्यांनी पेंढा बाजूला केला आणि पहिला आंबा हातात घेतला. "वा! तरी मला वाटतच होतं की वास इथूनच येतोय."

थांब्याकडे निघालेली शेवड्यांची बैलगाडी वळणाआड गेली तशी नानांनी टोपी घातली आणि छत्री घेतली. ऐन बारा वाजता. जेवायची पानं मांडलेली.

"कुठे निघालात?" माईंनी विचारलं.

"पलीकडे. कुंदा, चल गो."

तरीत आम्ही दोघंच होतो. हुसेनमियां टोकाला वल्हं मारत होता. अर्धी खाडी ओलांडल्यावर नानांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"पौषात, तू यायच्या आधी, सर्दी झाली होती मला," ते मग म्हणाले. "ती गेली, नि जाताना वास घेऊन गेली. मला वाटलं, येईल परत."

"कुणाला सांगितलं नाहीत?"

"काय सांगू? लोक माझ्याकडे कशाला येतात? मला ना हिशेब येत, ना बोलता येत. हे एवढंच होतं माझ्याकडे."

"अढीत हात घातला असता तरी ऊब कळली असती."

"कळत्ये. पण मी हात घातला असता तर माईनं त्याच क्षणी ओळखलं असतं. चाळीस वर्षांत घातला नाही." त्यांनी पाण्याकडे पाहिलं. "चैत्रात दारात उभं राहून मी काय करायचं, ते कळेना. तेवढ्यात तुझं मांजर आलं. चारांतला एकच निवडून त्यावर झोपलं. म्हातारी हाडं ती, बरोबर ऊब शोधून काढतात. मी म्हटलं काढा हाच. निघाला तयार! मग मी रोज तुमच्याआधी उठून ओला पेंढा बघून यायला लागलो."

मला हसावं की रडावं कळेना. मी त्यांना जास्तीचं तूप वाढत होते, ते सगळं आठवलं.

"फार येतो का गो तिच्या मुताला वास?" त्यांनी जरा संकोचून विचारलं.

"नाना, भयंकर येतो."

"अरेरे," नाना म्हणाले. मग जरा वेळानं, "माईला फार त्रास झाला असेल."

पलीकडे आम्हाला शोधावं लागलंच नाही. धक्क्यावर पाऊल ठेवतो तोच एक मासेवाली कमरेवर हात ठेवून समोर आली. "ठोसरांचं मांजर ना ह्ये? न्या आधी! तापल्या बांगड्यांवर जाऊन निजलं, नि सगळं सुकवण भिजवलं मेल्यानं. नाक फुटायची पाळी आली!"

सुक्या बांगड्यांच्या ढिगावर, भर उन्हात, साखरी चारी पाय पसरून झोपली होती. नानांनी आयुष्यात मासळीला हात लावला नव्हता. ते वाकले, तिला उचललं आणि उपरण्यात गुंडाळून छातीशी धरलं. मासेवालीनं पोतं देऊ केलं. नाना नको म्हणाले.

माई पायरीवरच उभ्या होत्या. आम्ही फाटकात शिरलो तसा त्यांनी पदर नाकाला लावला.

"अहो, हे काय! मासळी, नि वर ते... वास बघा किती मारतोय!"

"मला येत नाही," नाना म्हणाले.

"तुम्हाला कसा येईल! सुनेचं मांजर ना ते!"

"माई, मला कसलाच येत नाही. पौषापासून. नाक गेलंय माझं. आंबे ही ओळखत्ये." त्यांनी उपरण्यातून बाहेर आलेल्या शेपटीकडे बोट दाखवलं.

माईंनी नाकावरचा पदर सोडला. मांजराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, नानांकडे पाहिलं.

"म्हणजे माझं नाक चांगलं होतं?"

"उत्तम."

"तीन आठवडे मी वाफारे घेत्ये! ह्या उकाड्यात! टाळू पोळली माझी! तो मुकुंदा तेल ओतून ओतून खोकायला लागलाय. त्या बापटीणबाईंना मी ओवा दिला, त्या बिचाऱ्या आळीभर सांगत सुटल्या की माझं नाक गेलं म्हणून, आणि तुम्ही..." माई एकदम थांबल्या. आवाज खाली आला. "पौषापासून? म्हणजे फाल्गुनात मी सुरंगी माळली होती, तेव्हा तुम्ही म्हणालात. 'सुरंगी आली.'"

नाना पायांकडे बघत होते. "तू ओटीवर आलीस ना तेव्हा. दिसली वेणीत."

"हो," माई म्हणाल्या. "मला वाटलंच होतं, ह्या वर्षी एवढा उशीर का केला म्हणायला."

त्या आत गेल्या. भांड्यांचा आवाज आला. नाना साखरीला घेऊन पायरीवर टेकले, आणि आता बोलणी बसणार म्हणून मीही त्यांच्याशेजारी बसले. माई बाहेर आल्या त्या धाबळी घेऊन. ती त्यांनी साखरीच्या अंगावर टाकली. "बाटलीच आहे ती. हाऱ्यावर हिच्याखाली घाला. निदान आंब्यांत तरी झिरपायचं नाही." मग नानांना म्हणाल्या, "पानं वाढलीत. फणसाची भाजी आहे. मोहरी जरा जळली, तिचा कडवट वास येतोय. वर ओलं खोबरं घातलंय, त्याचा गोडसर."

नाना पायरीवरून उठेनात. डोळे मिटून ऐकत होते.

त्यानंतर माई रोज सांगत. भाताला वाफ आली, डाळ करपली, बापटांकडे दूध लागलं. गावाला कळलं नाही. साखरी दोन मोसम पुरली, आणि त्यानंतर मी नानांच्या मागे दारात उभी राहून खोकायचे. एकदा म्हणजे पहिला, दोनदा म्हणजे दुसरा. ठोसरांच्या सुनेला आंब्याच्या दिवसांत खोकला होतो, एवढंच लोक म्हणत.

पुढच्या फाल्गुनात मी स्वयंपाकघरात होते. नाना ओटीवर पडले होते, डोळे मिटून. माई दोन खोल्या अलीकडे थांबल्या, वेणीवर हात ठेवला, आणि तिथूनच म्हणाल्या, "अहो, सुरंगी आल्ये."

"हो, येतोय वास," नाना ओटीवरून म्हणाले.

"लबाड," माई म्हणाल्या, आणि पदर सारखा केला.